पार्टेबाईंचं 'आपण'

पार्टेबाई गेल्याचा फोन मला सोनूने केला. सोनू माझा विद्यार्थी. पाचवीपासून दहावीपर्यंत त्याला इतिहास मी शिकवला, सनावळ्या घोकून घेतल्या, दोनदा कानही पिळला. आणि हा पठ्ठ्या फोन लावता लावता शेजारच्या कुणाला तरी सांगतोय, मला स्पष्ट ऐकू आलं, "थांब जरा, पार्टेबाईंच्या मैत्रिणीला कळवतोय."

आता बघा. माणूस गेलंय, डोळ्यांत पाणी यायला हवं. ते आलंच, नंतर बराच वेळ थांबेना. पण आधी अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझं आडनाव महाडिक, माझा विषय इतिहास, हे सगळं पुसलं, आणि उरले काय, तर पार्टेबाईंची मैत्रीण. जातानासुद्धा बाई माझ्या पुढेच.

आम्ही दोघी महाडच्या एका शाळेत बरोबर होतो. मी गावातली, घर बाजारपेठेत. ती पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीतली, रोज एसटीने यायची. मी इतिहास शिकवायचे आणि ती कार्यानुभव. कार्यानुभव म्हणजे गणिताचे सर 'माझा पोर्शन राहिलाय' म्हणून ज्याचा तास हक्काने मागून नेतात, तो विषय. तिने तास कधी दिला नाही. "पोरांना शर्टाचं बटण लावता येत नाय सर, आधी ते होऊ दे," असं हसत सांगायची, आणि सरही हसत परत जायचे. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणायचे, मनात 'ती'. इथे मनातलंच लिहिते.

दिसायला काही विशेष नव्हती. ठेंगणी, रुंद, पदर कायम कमरेला खोचलेला. काखेत एक कापडी पिशवी असायची आणि त्या पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, गूळ-शेंगदाणे, चुना, कुणाचा तरी तुटलेला चपलेचा अंगठा. हसायची मात्र अशी, की तिसऱ्या वर्गातून ऐकू यायचं आणि त्या वर्गातली पोरं कारण नसताना हसायला लागायची. मी हसले की पोरं वह्या उघडायची. माझ्या हसण्यात काय होतं कोण जाणे!

शाळेत ती बऱ्यापैकी पुस्तकी बोलायची. पण सहलीची गाडी पाचाडला थांबली, की ती भाषा गाडीतच सोडून उतरायची. आणि तिथून पुढे माझे हाल सुरू व्हायचे.

आमच्या शाळेची सहल म्हणजे रायगड. दुसरीकडे कुठे जाणार? महाबळेश्वरला नेलं तर पोरं माकडं बघून परत येतात, ती वरंध घाटातही दिसतात. इतिहास माझा, म्हणून सहलीची प्रमुख मी. गळ्यात शिट्टी, हातात टिपणं. गडावर काय काय बघायचं, कुठे किती वेळ थांबायचं, कुठल्या दरवाज्याशी काय सांगायचं, सगळं आदल्या दिवशी ठरवलेलं. पार्टेबाई आपली मदतनीस, मुलींबरोबर एक बाई असावी म्हणून. असं कागदावर होतं.

पहिल्याच सहलीत, निम्मा चढ झाला आणि एक मुलगी रडकुंडीला आली. "बाई, पाय दुखतायत." मी म्हणणार होते, थोडं थांब, पाणी पी. तेवढ्यात मागून आवाज आला, "पाय दुखले तर गडाला सांग गो, मला नको सांगू. चढ त्यानं घातलाय." मुलगी बघतच राहिली. मग खरंच गेली आणि तटाच्या दगडाला तोंड लावून काहीतरी पुटपुटली. झालं! तिचं बघून सगळी पोरं महादरवाज्याच्या भिंतीला चिकटून आपापली गाऱ्हाणी सांगायला लागली. कुणाचे पाय, कुणाची भूक, एकाने तर सावत्र आईचं सांगितलं. मी इकडे दरवाज्याची गोमुखी रचना समजावून सांगतेय, शत्रूला सरळ दरवाजा दिसू नये म्हणून बुरूज कसे वळवून घेतलेत ते सांगतेय, आणि माझ्यासमोर नुसत्या पाठी. पस्तीस-चाळीस पाठी. ती सगळ्यांत शेवटी भिंतीजवळ गेली, म्हशीच्या पाठीवर थोपटावं तसं दोनदा थोपटलं आणि म्हणाली, "ऐकलंस ना रे? चल आता, पुढं."

पण हे सोसलं असतं मी. सोसवलं नाही ते तिचं 'आपण'.

हत्ती तलावाशी आलो. मी सांगितलं, "या तलावाला हत्ती तलाव म्हणतात." ती शेजारून म्हणाली, "हितं आपण हत्ती धुवायचो." पोरांच्या माना वळल्या. एकाने विचारलं, "बाई, साबण लावून?" "साबण कुठला रे तवा! नारळाच्या शेंडीनं घासायचो आपण. हत्ती कानामागं घासू द्यायचा नाय, गुदगुल्या व्हायच्या त्याला." हे कुठल्या बखरीत आहे? कुठल्याच नाही. हिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. पण पोरं मात्र तलावाच्या काठाला बसून, हत्ती कुठून आत शिरत असेल, यावर भांडायला लागली.

बाजारपेठेत तर कहर. ती उंच जोती, दोन रांगा, मधला रुंद रस्ता. ती बाजारपेठच होती का, यावर अभ्यासकांत दुमत आहे, हे मी सांगायला तोंड उघडलं. तोवर हिने निम्मी पोरं जोत्यांवर चढवली होती. "घोड्यावरनं न उतरता आपण हितं सौदा करायचो. तू काय इकतोस रे? सुकट? वास येतोय का बघू!" घोड्यावरची पोरं टाचा उंच करून मिरच्यांचे भाव पाडतायत, जोत्यावरची पोरं देत नाहीत, गडावर फिरायला आलेली पुण्याची दोन कुटुंबं थांबून बघतायत. त्यातल्या एका काकूंनी मला विचारलं, "या गाईड कुठे मिळतात हो?" माझ्या गळ्यात शिट्टी होती. हिच्याकडे होतं काय? पिशवी.

परत आल्यावर स्टाफरूममध्ये मी तिला गाठलं. "पार्टेबाई, आपण म्हणजे कोण? आपण होतो का तिथे? 'ते' म्हणा, 'लोक' म्हणा."

"होतो की. नसतो तर दगड कुनी वाहिले?"

"बरं, मग निदान 'आम्ही' म्हणा. तुमची वाडी डोंगरातली, तुमच्या घरातलं असेलही कुणी दगड वाहायला. 'आम्ही' चालेल. पण 'आपण' कशाला?"

तिने शेंगदाणा तोंडात टाकला, जरा विचार केला. "आमी म्हटलं की पोरं भायेर राहिली ना, बाई. त्या सोनूचा बाप एमआयडीसीत कामाला आलाय, कुठून लांबून, गंगेकडनं. त्याला मी 'आमी बांधला' सांगू? म्हंजे मग त्यानं काय नुसतं बघायचं? पाहुण्यासारखं?"

याला उत्तर होतं. नंतर घरी गेल्यावर मला तीन-चार उत्तरं सुचली, चांगली, मुद्देसूद. स्टाफरूममध्ये एकही सुचलं नाही आणि तिने ते मनावरही घेतलं नाही. माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले आणि तासाला गेली.

त्यानंतर घटक चाचणी आली. मी साधा, एका वाक्यातला प्रश्न घातला, 'रायगड कोणी बांधला?' महाराजांनी ज्या कारागिराला काम सोपवलं त्याचं नाव पुस्तकात ठळक छापलंय, मी फळ्यावर दहादा लिहिलंय. पेपर तपासायला बसले. पहिल्या पेपरात उत्तर: 'आपण.' दुसऱ्यात: 'आपण.' दासगावच्या एका हुशार पोराने तर सविस्तर लिहिलं होतं, 'आपण बांधला, पण महाराजांनी सांगितलं म्हणून.' वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांनी रायगड स्वतः बांधला होता!

मी लाल पेनाने भराभरा शून्यं घातली आणि गठ्ठा घेऊन तडक मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी पहिले दोन पेपर वाचले आणि असे हसले, की बशीतला चहा टेबलावर. "अहो महाडिकबाई, अर्धा अर्धा मार्क द्या. भावना बरोबर आहे." भावना! इतिहासात भावनेला अर्धा मार्क! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पार्टेबाईला कळलं तेव्हा मात्र ती हसली नाही. कपाळावर हात मारला. "अगो बाय! माझ्यापायी पोरांचे मार्क गेले?" दुसऱ्या दिवशी तिने तिचा कार्यानुभवाचा तास मला दिला नाही, स्वतःच वापरला. मी शेजारच्या वर्गात होते. भिंतीपलीकडून आरोळ्या. जाऊन बघते तर पोरं ओळीने उभी राहून उखाणे घेतायत. लग्नात नवरा-नवरी घेतात तसे. 'ताकात घातलं मीठ, दगडावर दगड बसला नीट,' आणि पुढे त्या कारागिराचं नाव, आडनावासकट, लाजत, पदर तोंडाला लावल्याची नक्कल करत. मुलगेसुद्धा! मी तीन आठवडे फळ्यावर लिहिलेलं नाव त्या एका तासात अख्ख्या वर्गाला पाठ. फेरपरीक्षेत एकही चुकलं नाही. आणि ती मला येऊन काय म्हणाली असेल? "बाई, तुम्ही आधी इतकं शिकवलं होतंत म्हणून पटकन बसलं." टोमणा असता तर मी तिला सोडलं नसतं. पण टोमणा नव्हता. तिला टोमणा मारता यायचाच नाही. तीच तर पंचाईत होती.

माझ्या घरातही तेच. मोठा पूर आला त्या वर्षी आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरलं, चिखल उरला, आणि आम्ही सगळे दारात नुसते उभे. कुठून सुरुवात करायची तेच कळेना. तिसऱ्या दिवशी पार्टेबाई आली. रस्ता धड नव्हता, कशी आली देवाला ठाऊक. डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं आणि हातात फावडं. माझ्या स्वयंपाकघरातला चिखल तिने पदर खोचून उपसला. उपसता उपसता माझ्या सासूबाईंशी गप्पा. माझी सासू म्हणजे, जाऊ दे, देवाघरी गेल्या, पण सुनेशी चार शब्द सलग बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी त्या चिखलात पाट टाकून बसल्या आणि पोटभर हसल्या. नंतर कितीतरी महिने विचारायच्या, "अगं, त्या तुझ्या बाई परत कधी येणार?" मी रोज शाळेतून यायचे, मला कुणी कधी विचारलं नाही, कधी आलीस. भाकऱ्या मात्र मी खाल्ल्या. दोन खाल्ल्या. चांगल्या होत्या, जळ्ळं मेलं, तिच्या भाकऱ्याही चांगल्या.

मग दोघी निवृत्त झालो, ती आधी, मी मागून. ती वाडीला राहायला गेली. मुलगे मुंबईला, ही आणि नवरा नाचणी लावायला. फोनवर बोलणं व्हायचं. मला वाटलं, चला, आता कसली तुलना? दोघी घरी.

आणि एक दिवस सोनूचा फोन. तो आता एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप चालवतो. "बाई, आपल्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलंय. गडावर. सगळे येतायत, मुंबईचे, पुण्याचे. म्हटलं, बाईंशिवाय गड काय बघायचा!"

काय सांगू तुम्हाला, मी भर दुपारी पलंगावर उठून बसले. इतक्या वर्षांनी. बाईंशिवाय! मी म्हटलं, "येईन रे. गुडघे जरा कुरकुरतात, पण रोपवे आहे ना. मी टिपणं काढून ठेवते. आता नवीन संशोधनही बरंच झालंय, ते..." मग सोनू म्हणाला, "हो हो बाई, तुम्ही पण या ना. मी म्हणजे... पार्टेबाईंचा नवीन नंबर तुमच्याकडे असेल म्हणून फोन केलेला."

तुम्ही पण या. मी भाषेची नाही, इतिहासाची शिक्षिका. पण तो 'पण' मला जन्मात विसरता येणार नाही. तिच्या वाट्याला 'आपण', आणि माझ्या वाट्याला नुसतं 'पण'!

नंबर दिला. दिला म्हणजे काय, सोनूच्या गाडीत बसून तिच्या वाडीपर्यंत गेले. मला बघायचं होतं, ही येते का. दारात आली ती तशीच, पदर खोचलेली, थोडी वाळलेली. सोनूला बघून तोंड उघडून हसली आणि हसण्याचा आवाजच आला नाही. गळ्यावर पांढरी पट्टी. तिच्या नवऱ्याने सांगितलं, घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज गेला, उरलाय तो कुजबुजण्यापुरता. मला फोनवर का नाही सांगितलंत? तर गेले तीन महिने फोनवर तिचा नवराच बोलत होता, 'ती शेतावर गेलीय' म्हणून सांगत होता. तिनेच सांगायला लावलेलं. "तुम्ही उगाच धावत आला असतात," असं ती माझ्या कानाशी कुजबुजली.

सोनूचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "राहू दे बाई, आपण नंतर कधीतरी जाऊ." तिने मान हलवली आणि चपला शोधायला लागली, जणू सहल आत्ताच निघालीय.

सहलीच्या दिवशी सगळे जमले. काहींची टक्कलं पडलेली, पोरीही आपापल्या पोरांना घेऊन आलेल्या. पार्टेबाईला रोपवेतून उतरवलं, एक घडीची खुर्ची आणली होती तिच्यावर बसवली आणि सगळे भोवती गोळा झाले. होळीच्या माळावर वारं भणाणत होतं. तिने काहीतरी कुजबुजून बघितलं, वाऱ्यात कुणाला कळलं नाही. पुन्हा बघितलं. मग तिने माझ्याकडे बोट केलं आणि हाताने खूण केली, सांगा, तुम्ही सांगा.

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात उकळ्या फुटल्या. तिच्या गळ्याचं वाईट वाटत होतंच, आतून तुटत होतं, पण उकळ्याही फुटत होत्या. दोन्ही एकदम होतं, माझा काय इलाज! समोर माझी सगळी पोरं, गड मोकळा, मध्ये बोलणारं कुणी नाही. मी घसा साफ केला. राज्याभिषेक सांगितला. दरबार, कारखाने, तलावाचं पाणी कसं अडवलं, बांधकामाचा दगड इथलाच कसा खोदला, सगळं, नवीन संशोधनासकट. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं कधी बोलले नव्हते. आवाज खणखणीत, एक सन चुकला नाही.

आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, पोरं माझ्याकडे बघत नाहीयेत.

सगळे तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, हिने काहीतरी चाळे चालवलेत, हत्तीची सोंड वगैरे. मी वळून बघितलं. नाही हो. ती काही करत नव्हती. ती ऐकत होती. खुर्चीच्या टोकाशी सरकून, हनुवटी हातावर, तोंड अर्धवट उघडं. पहिलीतलं पोर गोष्ट ऐकतं ना, तसं. मी संकट सांगितलं की तिच्या कपाळाला आठी, मी जिंकल्याचं सांगितलं की डोळे मोठे. माझा अख्खा इतिहास तिच्या तोंडावर घडत होता, आणि पोरं तिथे तो वाचत होती. आवाज माझा होता, नजरा तिच्याकडे. कुणावर रागवायचं? ती बिचारी माझं ऐकत होती. इतकं मन लावून माझं कुणी म्हणून ऐकलं नव्हतं, तिच्याशिवाय.

मी बोलत राहिले. शेवटी टाळ्या पडल्या. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

उतरताना रोपवेच्या रांगेत ती माझ्या मनगटाला धरून उभी होती. मला खाली वाकवून तिने कानात सांगितलं. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता तिला. "बाई... इतक्या वेळा गडावर आले... पण आज समदं कळलं. किती गो येतं तुम्हाला! मी आपली काहीबाही सांगायचे."

मी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तिचा आवाज गेला होता, तिची पोरं मी घेतली होती, तिचा गड मी सांगितला होता. कुठेतरी दुखलंच असेल. मला तेवढंच बघायचं होतं, भाजीत मीठ असतं तेवढं तरी. मी शोधलं, खरंच शोधलं. डोळ्यांत बघितलं, ओठांच्या कडेला बघितलं. नव्हतं. आनंद होता नुसता, निवळशंख आनंद, आणि तोही माझ्यासाठी.

मग पाळणा आला. सोनूने तिला धरून आत बसवलं, तिने पिशवी मांडीवर घेतली आणि काचेतून मला हात केला. पाळणा दरीत उतरत गेला.

मी मागच्या पाळण्याने खाली पोचले तोवर सोनू तिला घेऊन वाडीकडे निघालाही होता; तिला पाहिलं ते त्या काचेतूनच शेवटचं. इतकी वर्षं मी तिचा हेवा केला, रोज केला, न चुकता. तिने माझा एक दिवस तरी करायला काय हरकत होती?